मुदतवाढीचे कारण

“कारणाच्या रकान्यात काय लिहू?” थोरलीने चष्म्यावरून पाहत विचारले.

तिची धाकटी जाऊ टेबलापलीकडे उभीच होती. “लिहा, चाचणी प्रमुखाचं नियोजन चुकलं.”

“म्हणजे तुझं?”

“माझंच. दुसरं कोण आहे प्रमुख?”

थोरलीचे पेन थबकले, ते निव्वळ सुखाने. असे कारण एकदा कागदावर गेले की प्रमुखपद राहत नाही, हे दोघींनाही ठाऊक होते.

संदेशवहनाचा नवा उपग्रह आकाशात तात्पुरत्या जागी उभा होता. तो तपासून पाहण्यासाठी नियामक कार्यालयाने साठ दिवसांची परवानगी दिली होती आणि आज साठावा दिवस होता. पाचच्या आत मुदतवाढीचा अर्ज पोचला नाही, तर केंद्राचा अँटेना बंद करावा लागणार होता. घड्याळात सव्वाचार झाले होते.

दोघी एका घरातल्या आणि एकाच कचेरीतल्या. थोरली बावीस वर्षे परवाना विभाग सांभाळत होती. तिने परवानगी आणल्याशिवाय इथल्या एकाही अँटेनाला तोंड उघडण्याची सोय नव्हती. वर्तमानपत्रात छायाचित्र मात्र आले ते धाकटीचे. सासूबाईंनी ते कापून फ्रिजच्या दारावर डकवले. तेव्हापासून रोज सकाळी दूध काढायला गेले की धाकटी समोर हसत उभी. “आमची धाकटी उपग्रहाशी बोलते,” असे सासूबाई शेजारणीला कौतुकाने सांगत. “आणि थोरली?” असे शेजारणीने विचारले, तर म्हणत, “ती असते की कचेरीत.”

या दोन महिन्यांनी मात्र थोरलीच्या जिवाला थंडावा दिला होता. चाचणी रखडली होती. धाकटी एकेक मोजणी दहा-दहा वेळा घ्यायला लावी. तिच्या हाताखालची माणसे वैतागली, उपाहारगृहात तिला ‘गोगलगाय’ म्हणू लागली. ते नाव मूळ कोणी काढले, हे थोरलीने कोणाला कळू दिले नव्हते.

तिने सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘चाचणी प्रमुखाच्या सदोष नियोजनामुळे कालापव्यय.’ शब्द तिला आवडला. कागद फिरवून तिने समोर सरकवला. धाकटीने न वाचताच सही केली आणि ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

पाठवण्यापूर्वी अर्ज नियामक कार्यालयातल्या अधिकाऱ्याला फोनवर वाचून दाखवायचा, ही थोरलीची बावीस वर्षांची शिस्त. तिने कारणाचा रकाना जरा ठासूनच वाचला.

“मुदत मिळेल हो बाई,” पलीकडून अधिकारी म्हणाला. “पण प्रक्षेपणाची शक्ती तीच ठेवायची का? एवढ्या मोठ्या उपग्रहाला वीस वॅट? आम्ही इथे हसत होतो, यांची चाचणी प्रमुख उपग्रहाच्या कानात कुजबुजते की काय म्हणून!”

“वीस कसे? दोनशे असतील.”

“तुमच्याच अर्जात वीस आहेत. काढून बघा.”

थोरलीने फाईल काढली. नवा अर्ज करताना जुन्याची प्रत घ्यायची आणि रकाने बदलत जायचे, ही तिची पद्धत. याआधीचा उपग्रह लहान होता, त्याला वीस वॅट पुरले होते. या वेळी तिने नाव बदलले होते, जागा बदलली होती, तारखा बदलल्या होत्या. शक्तीचा रकाना तसाच राहिला होता. खाली तिची सही होती.

तिला सगळा हिशेब उलगडला. परवानगीत वीस असताना एकविसावा वॅट वापरणे गुन्हा. इतक्या क्षीण आवाजात एकदा घेतलेली मोजणी विश्वासार्ह नसते, ती दहा वेळा घेऊन सरासरी काढावी लागते. गोगलगाईला दुसरी वाटच नव्हती.

तिने फोन ठेवला. “तुला कधी कळलं?”

धाकटी वळली. काय कळले, हे तिने विचारले नाही. “पहिल्याच दिवशी.”

“मग बोलली का नाहीस? दुरुस्तीचा अर्ज केला असता, आठवड्यात सुटलो असतो!”

“दुरुस्तीच्या अर्जात चूक कोणाची ते लिहावं लागतं, ताई. आणि ज्याची चूक, त्याचा सहीचा अधिकार जातो. तुम्हीच शिकवलंत ना मला. ही खुर्ची गेली तर तुम्ही दिवसभर करणार काय? सासूबाईंशी गप्पा?”

थोरलीला हसू आले नाही. ही बया चांगुलपणातही आपल्या पुढेच, हा विचार सुईसारखा टोचून गेला. समोर सही झालेला अर्ज होता. नुसता पाठवायचा, की खुर्ची शाबूत, सही शाबूत. धाकटीचे छायाचित्र फ्रिजवरून आपोआप उतरले असते.

साडेचार वाजले. तिने अर्ज मधोमध फाडला आणि कोरा नमुना पुढे ओढला.

“अहो ताई, काय करताय!” धाकटी धावतच टेबलाशी आली. “मी स्वतःहून सही दिलीये. मला चालणार आहे.”

“मला चालणार नाही. खाली बस.” थोरलीने कारणाच्या रकान्यात स्वतःचे नाव घातले आणि मान वर न करता म्हणाली, “लग्न होऊन आलीस तेव्हापासून तुझं जे जे म्हणून होतं, ते मला हवं होतं. ही चूक तेवढी माझी आहे. ती मी तुला मिळू देणार नाही.”