पट्टा काढल्यावर

लेकीने व्हीआर चष्मा घातला, कपाळाला सेन्सरचा पट्टा बांधला, की समोरच्या पडद्यावर तळं उमटायचं. अर्धशिशीने डोकं ठणकलं की पाणी खवळायचं. तिने मन शांत केलं की निवळायचं. "हे सगळं तिच्या मेंदूवर चालतं," मन शांत करायला शिकवणाऱ्या ताईंनी आईला सांगितलं होतं.

आज शिकवणी संपली. लेकीने चष्मा, पट्टा काढून टेबलावर ठेवला. तळं मात्र खवळलेलंच.

ताईंनी पट्ट्याची वायरही उपटली. तरी लाटा थांबेनात. मग पाणी आपसूक निवळत गेलं.

आईला काही उमगेना. "अहो ताई, मग हे डोकं कोणाचं?"

"हळू बोल ना, आई," लेक पडद्याकडे बघत कुजबुजली. "आत्ता कुठे तिचा डोळा लागलाय."

आईच्या हातून किल्ल्या पडल्या.

पडद्यावरचं पाणी दचकलं.