बारा दिवस उशीर

"अहो, पाळी आली एकदाची!" मोरीतूनच वैजयंतानं नवऱ्याला सांगितलं. "बारा दिवस उशिरानं!"

"म्हटलं नव्हतं, लशीमुळे पुढे गेली असेल?" चहा भुरकत दिगंबर हसला. "नर्सबाईंनी तुला लस टोचतानाच सांगितलं होतं, एखादी पाळी पुढेमागे होते."

बारा दिवस त्यानंच तिला धीर दिला होता. तीन वर्षांपूर्वी नसबंदीही त्यानं आपणहून करून घेतली होती. दिवस जाण्याचा प्रश्नच नव्हता. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं ती कालच बहिणीला म्हणाली होती.

गुणगुणतच तिनं त्याचा सदरा भिजवायला घेतला, तर खिशातून लॅबचा रिपोर्ट निघाला. त्याच्या नावाचा, आठ दिवसांपूर्वीचा. वीर्यात शुक्रजंतू शून्य.

म्हणजे नसबंदी पक्की आहे ना, हे त्यानं गुपचूप तपासून घेतलं होतं. त्याच दिवसापासून, उकडतंय म्हणत, तो बाहेरच्या खोलीत झोपत होता.

"आजपासून आत झोपतो गं," तो मोकळेपणानं म्हणाला, "उकाडा कमी झालाय."

तिनं रिपोर्ट बशीपाशी उलगडून ठेवला. "बाहेरच झोपा," ती म्हणाली, "आता मला उकडतंय."