अंतरपाटापर्यंत

"ताई, ग्राफिक्स चिप आहे ती, थोडी तापणारच. नॉर्मल आहे," सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर पुन्हा तेच म्हणाला आणि एसीत गार पडलेला लॅपटॉप त्याने माझ्याकडे सरकवला. "आणि उद्या वॉरंटी संपतेय. मग चिपसकट बोर्ड बदलायचा खर्च तुमचा."

मी लॅपटॉप उचलला. मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते, आणि ही चिप तापली की फिल्म मध्येच बिघडते. मग भावाच्या कॉम्प्युटरवर सगळं पुन्हा करत बसायचं. घरी येऊन फोटोग्राफरने एडिटिंगला पाठवलेलं नवं लग्न उघडलं, तर वधूपिता म्हणून हाच मॅनेजर फेटा बांधून मिरवत होता. फिल्म मी लॅपटॉपवरही केली आणि भावाच्या कॉम्प्युटरवरही. फोटोग्राफरला पाठवली ती लॅपटॉपवरची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, फोटोग्राफरने तुमचा नंबर दिला. फिल्ममध्ये अंतरपाट धरलाय आणि पुढे नुसत्या हिरव्या रेषा. व्याही समोर बसलेत हो."

"चिप तापली असेल, साहेब. नॉर्मल आहे."

मॅनेजरने आवाज ओळखला. पलीकडून पाहुण्यांची कुजबुज ऐकू येत होती. मग तो हळूच म्हणाला, "लॅपटॉप घेऊन या. आजच बोर्ड बदलून देतो."

"तुमच्या सर्व्हिस सेंटरच्या शटरसमोरच उभी आहे. चांगली फिल्म पर्समध्ये आहे," मी म्हणाले. "व्याह्यांना चहा द्या. बोर्ड बसेपर्यंत अंतरपाट हलणार नाही."