थेंबाएवढं बेट

नावेच्या छताला टांगलेल्या नकाशावर ट्रेसरबाईंनी बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. बेट अजून तिथेच होतं. मुगाच्या दाण्याएवढं, भोवती बारीक रेघ, आत गवताच्या तीन काड्या.

"वहिनी, समोर बघ की," नणंद म्हणाली. "नकाशा काय, घरी बसूनही बघता आला असता."

समोर नदी फुटत होती. सकाळी धक्क्यावरून निघाले तेव्हा ती एकच होती. मग दोन झाल्या, दोनाच्या पाच झाल्या, आणि आता कुठलं पाणी कुणाचं हे नदीलाही सांगता आलं नसतं. खारफुटीतून फाटे निघत होते, पुढे जाऊन एकमेकांना मिळत होते, पुन्हा रुसल्यासारखे वेगळे होत होते. नकाशा कचेरीतल्या नोकरीची तीस वर्षं बाईंनी हेच फाटे शाईनं गिरवले होते, खालच्या कागदावरून वरच्या पारदर्शक कागदावर. त्यांच्या कागदावर हा फाटा सूतभर रुंद होता. इथे त्याचा पलीकडचा काठ दिसत नव्हता. आपण इतकी वर्षं एवढ्या मोठ्या गोष्टीला हात लावत होतो, आणि तोही बसल्या जागेवरून!

सहल सगळ्यात स्वस्तातली होती. बारा जणांच्या नावेत सतरा माणसं, प्रत्येकाला एक केळं आणि पाण्याची बाटली, आणि नावाडी व गाइड मिळून एकच माणूस. बोलायचं झालं की तो इंजिन बंद करायचा. त्यामुळे माहिती लांबली की नाव भलतीकडेच वाहवत जायची.

बाई मात्र फिरायला आल्याच नव्हत्या. एकतीस वर्षांपूर्वी पाच वाजता नकाशा साहेबांकडे जायचा होता आणि पावणेपाचला त्यांच्या पेनातून थेंब गळला. असा थेंब ब्लेडनं हलकेच खरवडून काढतात. पण नेमकी त्याच जागी आधी दोनदा खरवड झाली होती. तिसऱ्यांदा ब्लेड लावलं असतं तर कागद फाटून चार महिन्यांचं काम पाण्यात गेलं असतं. बाईंनी थेंब टिपला, डागाला काठ दिला, आत गवत काढलं. तपासनिसानं सही ठोकली. नकाशा छापून गावोगाव गेला, आणि तेव्हापासून बाईंच्या मनात रोज एक नाव त्या बेटाच्या भरवशावर निघायची आणि भरतीत सापडायची. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. तो जाईपर्यंतही नाही.

"अहो, हे बेट..." बाईंनी नकाशाकडे बोट दाखवत नावाड्याला विचारलं. "यावर विसंबून इथे कधी कुणी फसलं का हो?"

नावाड्यानं इंजिन बंद केलं.

"फसले ना. माझे वडील."

बाईंनी बाकाची कड घट्ट धरली.

"हा नकाशा आला आणि जो तो वडलांना म्हणायला लागला, बेट दाखव. आता बेट कुठून दाखवणार? ओहोटीलासुद्धा छातीभर पाणी! लोक म्हणायचे, यालाच नदी माहीत नाही, हा आपल्याला काय फिरवणार. वडील असे भडकले, की एक दिवस पंधरा वासे घेऊन गेले आणि भर पाण्यात ठोकून आले. म्हणाले, इथे काहीही नाही, ही घ्या त्याची खूण."

"मग?"

"मग काय, पुरात वाशांना फांद्या अडकल्या. फांद्यांना गाळ अडकला. गाळात कुठून तरी गवत आलं. वडील दर वर्षी जायचे, बघायचे आणि नकाशाला शिव्या घालायचे. पुढे पुढे शिव्या बंद झाल्या. नुसते बघत बसायचे." त्यानं हात वर केला. "ते बघा."

नाव वाहत वाहत वळणापलीकडे आली होती. फाट्याच्या मधोमध, दोन्हीकडून पाणी बाजूला सारत, एक हिरवं बेट बसलं होतं. त्यावरून पांढऱ्या पक्ष्यांचा थवा एकदम उठला. मोजता येणार नाहीत इतके, आणि त्यांच्या कलकलाटानं सगळं आभाळ भरून गेलं. सतराच्या सतरा माणसं उठून उभी राहिली. नणंदसुद्धा.

बाईंच्या डोळ्यांना धार लागली.

"तो थेंब माझा," त्या म्हणाल्या. "शाई माझ्या हातून सांडली होती. तिथे बेट नव्हतंच. मी खोटं काढलं."

"वहिनी, काय बोलतेस तू हे?"

नावाडी बाईंकडे वळला.

"माझ्या वडलांना लोक दहा वर्षं हसले, मावशी," तो म्हणाला.

मग त्यानं बांबू रोवून नाव काठाला लावली आणि फळी टाकली. उठलेल्या लोकांना त्यानं हातानंच खाली बसवलं.

"आधी तुम्ही उतरा."

बाईंनी चपला नावेतच ठेवल्या. घोटाभर चिखल होता, उन्हानं कोमट झालेला. जमीन पायाखाली जराशी दबली आणि मग तिनं बाईंना धरलं. त्यांनी एक पाऊल टाकलं, मग दुसरं.

"खाली बघून, मावशी," नावाडी मागून म्हणाला.

बाईंनी उचललेलं पाऊल तसंच अधांतरी राहिलं. गवताच्या काड्यांमध्ये तीन अंडी होती. फिकट करडी, आणि त्यांच्यावर काळे शिंतोडे, कुणी भरलेलं पेन झटकावं तसे.