शिरीषाचा निरोप

आवारातल्या जुन्या शिरीषाच्या मुळांशी बसवलेल्या यंत्रातून त्याचा निरोप रोज दुपारी सोसायटीत सगळ्यांच्या मोबाइलवर यायचा, "श्वास कोंडतोय." बाकीच्यांनी तो आवाज बंद करून टाकला होता. एकट्या आगलावेबाई उत्तर द्यायच्या. "आले रे, चहा तेवढा घेते," म्हणत खाली उतरायच्या.

बाईंनीच भांडून बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढायला लावले. ते यंत्र बसवणाऱ्या झाडांच्या डॉक्टरने, इरफानने, हवेच्या झोताने दगडासारखी माती मोकळी केली, पाइपलाइनसाठी खणताना तुटलेली मुळं नीट छाटली, वर शेणखत आणि पालापाचोळा पसरला. वर्षभराने शिरीष पालवला आणि मोबाइल गप्प झाला.

"तुझं यंत्र बिघडलंय का रे?" बाईंनी इरफानला विचारलं.

"नाही काकू. ते मुळांचं दुखणं तेवढं सांगतं. बरं झालेलं झाड बोलत नाही."

पंधरा दिवस बाईंनी दुपारचा चहा मोबाइलसमोर बसून घेतला. सोळाव्या दिवशी त्या खाली आल्या, पाचोळा बाजूला सारला आणि कुणी बघत नाहीसं पाहून मऊ मातीवर टाचा आपटत राहिल्या.

मोबाइल थरथरला. "दुखतंय."

बाई चटकन खाली बसल्या. "कुठे रे? सांग बघू."