वायर आत जात नाही

"स्क्रू ड्रायव्हर दे," धाकटी हात पुढे करून म्हणाली.

दादाने आधी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकावरून अंगठा फिरवला, मग तो तिच्या हातात दिला. घरातल्या सुऱ्या, कात्री आणि आईच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या त्याने सकाळीच कपाटात घालून कुलूप लावलं होतं. शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवलं होतं, की हिच्याकडे जरा लक्ष असू द्या, हिचं काही खरं नाही.

आईला जाऊन महिना झाला होता. वरच्या मजल्यावर साफसफाई करताना व्हॅक्यूम क्लीनरच्या वायरीत पाय अडकून ती जिन्यावरून खाली आली, ती उठलीच नाही. मशीन तिच्या संसाराएवढंच जुनं. पिंपासारखं गोल आणि वजनाला भलतंच. पायाने बटण दाबलं की सगळी वायर सर्रकन पोटात ओढून घ्यायचं.

शेवटी शेवटी मात्र वायर आत जाईनाशी झाली होती म्हणे. घरभर लोळत राहायची. आईला फोनवर धड ऐकू येत नसे, त्यामुळे तिचे सगळे निरोप दादाकडून यायचे. हाही त्यानेच आणला होता. "आई म्हणतेय, वायर पायात येते, एकदा येऊन बघून जा."

धाकटी शिलाई मशीन दुरुस्त करायची. जगाची यंत्रं चालती करणाऱ्या बाईला हे काम म्हणजे चहा उकळेपर्यंतचं. पण आज जाते, उद्या जाते करत तिने दिवस घालवले, आणि मग जायचं कारणच उरलं नाही.

तेव्हापासून तिने अन्न टाकलं होतं. जो समोर येईल त्याला एकच सांगायची, आईला मी मारलं. नवऱ्याने समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी हात टेकले आणि आज कामावर जाताना तिला इथे दादापाशी सोडून गेला.

दादाने तिला एका शब्दाने दुखावलं नव्हतं. घर विकायच्या कागदांवर तिची सही राहिली होती, पण विषय निघाला की तोच म्हणायचा, "घराचं राहू दे गं, तू आधी माणसात ये." असा भाऊ शोधून सापडायचा नाही, असं काकू सगळ्यांना सांगत.

फोन वाजला. धाकटीचा नवरा होता. दादा खिडकीशी गेला आणि हळू आवाजात बोलला.

"मी आहे ना जावईबापू. नजरेआड होऊ देत नाही. पण लक्षण मला ठीक दिसत नाही. सारखी म्हणते, आईकडे जायचंय."

धाकटीने हे ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. ती मशीनसमोर मांडी घालून बसली होती. अपघातानंतर दादाने बाहेर आलेली वायर मशीनभोवती गुंडाळून ते माळ्यावर टाकलं होतं. त्या बटणावर पाय ठेवायची तिची छाती होत नव्हती. आजही तिने बटणाला हात न लावता सरळ झाकणाचे स्क्रू काढायला घेतले.

"प्लग लावू नकोस," दादा म्हणाला.

"नाही लावत."

"आणि हे झाल्यावर काय करणार आहेस?"

"मग मला झोप येईल."

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग हसून म्हणाला, "आई म्हणायची, या मशीनला माझ्याहून जास्त दमा आहे."

धाकटी थोडीशी हसली.

झाकण निघालं. आत वायरची चकरी होती आणि तिच्या मधोमध पट्टीची स्प्रिंग. अशी स्प्रिंग सुटली तर बोट कापून काढते, म्हणून धाकटीने चकरी तळव्याने घट्ट धरली. स्प्रिंग तुटलेली असणार, असं ती धरूनच चालली होती.

ती अखंड होती.

तिने चकरीला थोपवून धरणारं रबराचं चाक पाहिलं. तेही मोकळं होतं. तिने पुसून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं, पडलेल्या दाताच्या जागी जीभ फिरावी तशी बोटं आतून पुन्हा पुन्हा फिरवली. दुरुस्त करायला काही सापडेना. मग तिने मशीनभोवतीची वायर सोडली आणि नखाने चाक उचललं.

वायर फरशीवरून सर्रकन आली आणि आत गेली. प्लग मशीनच्या पत्र्यावर आपटला.

"दादा, ही चालतेय."

"पडताना धक्का बसला असेल. बसली असेल जागेवर."

"अडकलेल्या चकरीवर खुणा राहतात. इथे साधा ओरखडा नाही." ती म्हणाली. "ही कधी बिघडलीच नव्हती रे."

तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. छातीवरचा दगड उतरल्यासारखी ती मोकळी रडली. आपल्यामुळे आई गेली नाही, एवढंच तिला आधी कळलं. बाकीचं कळायला थोडा वेळ लागला.

तिने डोळे पुसले आणि वर पाहिलं.

"मग आईने तुझ्याकडे निरोप कशाचा दिला होता?"

दादा उठला. त्याने दाराला आतून कडी घातली, खिडकी लावली. खिशातून फोन काढून नंबर लावला आणि दुसऱ्या हाताने डोळे लाल होईपर्यंत चोळले.

धाकटी मशीनवर हात ठेवून तशीच बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"जावईबापू," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "असाल तसे या. मी नुसता दार उघडायला गेलो होतो हो. आपली धाकटी गेली."