यमाईच्या डोंगराची वाट

"यमाईच्या डोंगरावर कुठनं जायचं वो?" औंधच्या बाजारपेठेत अनंत गुरुजींनी एका पाहुण्याला थांबवून विचारलं. पाहुणा सांगलीचा, सौमित्र नावाचा. बरोबर आठ वर्षांची लेक मयूरी.

"आम्हीही नवखेच आहोत, आजोबा. चला, विचारत विचारत जाऊ."

गुरुजींचा चेहरा खुलला. मयूरी त्यांचं बोट धरून चालू लागली.

वाटेत गावातल्या देवळापाशी दगडी, उंच दीपमाळ दिसली.

"पप्पा, हे काय?"

"टेहळणीचा बुरूज," सौमित्रने ठोकून दिलं.

गुरुजींनी ओठ घट्ट मिटले. दहा पावलं कशीबशी सोसली. पण पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माणसाला पोरीच्या डोक्यात चूक राहू देणं काही जमेना.

"बुरूज न्हवं, बाळ. दीपमाळ हाय ही. जत्रंत आमी पोरं हिच्यावर दिवे लावायचो."

सौमित्र थबकला आणि हसायलाच लागला. "म्हणजे तुम्ही इथलेच! मग आम्हाला वाट कशाला विचारलीत?"

गुरुजी डोक्यावरची टोपी सारखी करू लागले.

"बरी गंमत केलीत आजोबा. आता आमच्यापायी उन्हात चढू नका. घरचे जेवायला खोळंबले असतील."

"व्हय, खोळंबले असतील," गुरुजी म्हणाले. मयूरीच्या मुठीतून त्यांनी हलकेच बोट सोडवून घेतलं आणि कुलूप लावलेल्या घराकडे न वळता ते एसटी स्टँडकडे निघाले. साताऱ्याची गाडी साडेअकराला येते. रविवारी तिच्यातून एखादं तरी परगावचं कुटुंब उतरतंच.